लाजाळूच्या देठातली वीज

लाजाळूच्या टोकाच्या पर्णिकेला जरा जोराने टिचकी मारली की तिच्यामागच्या जोड्या एकेक करून मिटत जातात आणि शेवटी अख्खे पान देठासकट खाली लोंबते. कोकणात पावसाळ्यात बांधावर मुलांचा हा खेळ चालतोच. पण झाडाला मज्जातंतू नाहीत, मग टोकाची बातमी देठाच्या बुडाशी पोचते कशी? सर जगदीशचंद्र बोस यांनी आयुष्याची तीसहून अधिक वर्षे या प्रश्नाला दिली.

३० नोव्हेंबर १८५८ रोजी जन्मलेले बोस लंडनला गेले ते डॉक्टर व्हायला. तब्येतीने साथ दिली नाही, म्हणून केंब्रिजला विज्ञान शिकले आणि १८८५ मध्ये कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवू लागले. भारतीय प्राध्यापकाला इंग्रज प्राध्यापकापेक्षा कमी पगार, हा तेव्हाचा नियम. बोस यांनी तीन वर्षे शिकवले, पण पगाराला हात लावला नाही. अखेर सरकारने मागच्या थकबाकीसह पूर्ण पगार दिला. हा हट्टी स्वभाव पुढे प्रयोगशाळेतही दिसला, कधी फायद्याचा तर कधी तोट्याचा.

बिनतारी लहरींवर नाव मिळवल्यावर ते वनस्पतींकडे वळले. डिवचल्यावर हलणाऱ्या लाजाळूतच नव्हे, तर कुठल्याही साध्या भाजीच्या देठातही विजेचा दाब क्षणभर बदलतो, असे त्यांना दिसले. जून १९०१ मध्ये त्यांनी ते लंडनच्या रॉयल सोसायटीत मांडले. तिथे शरीरशास्त्रातले मोठे नाव बर्डन सँडरसन यांनी विरोध केला आणि निबंध छापला गेला नाही. गंमत अशी, की कीटकभक्षी वनस्पतीच्या पानातली वीज १८७३ मध्ये सँडरसन यांनीच मोजली होती! साध्या झाडांतही ती असावी, हे मात्र त्यांना पटेना. पदार्थविज्ञानवाल्याने आपल्या वाफ्यात शिरू नये, हाही भाग त्यात असावा.

बोस थांबले नाहीत. पान किती वेळाने हलले, हे सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत टिपणारी यंत्रे त्यांनी घडवली. १९१७ मध्ये कोलकात्यात स्वतःची संस्था उभी केली. १९२० मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. त्याच वर्षी त्यांचे इंग्रजी चरित्रही निघाले. ते लिहिणारे पॅट्रिक गेडिस तेव्हा मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते.

पण १९१६ मध्येच इटलीच्या उबाल्डो रिका यांनी एक अडचणीचा प्रयोग केला होता. त्यांनी लाजाळूची फांदी कापली आणि दोन तुकड्यांच्या मध्ये पाण्याने भरलेली नळी जोडली. तरीही बातमी पलीकडे गेली. पाण्यातून तंतू जात नाही, म्हणजे जाते ते एखादे रसायन, असा रिका यांचा निष्कर्ष. बोस यांनी तो मानला नाही. १९२६ च्या त्यांच्या पुस्तकाचा विषयच वनस्पतींतली चेतायंत्रणा हा होता. इथे त्यांचा हट्ट आडवा आला, असेच म्हणावे लागते. लाजाळूत दोन्ही वाटा आहेत. सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर धावणारी विजेची लहर आहे आणि जखम झाली तर पाणी वाहणाऱ्या नलिकांतून पसरणारे द्रव्यही आहे.

त्याच सुमारास नेदरलँड्समध्ये फ्रिट्स वेंट ऑक्झिन या वाढीच्या संप्रेरकावर काम करत होते. ऑक्झिन शेंड्याकडून खाली, तासाला साधारण एक सेंटिमीटर या गतीने सरकते. खोडाच्या दोन टोकांतल्या विजेच्या फरकामुळे ते ओढले जात असेल, अशी कल्पना वेंट यांनी मांडली. ती टिकली नाही. १९७० च्या दशकात उलगडा झाला तेव्हा वीज सापडली ती प्रत्येक पेशीच्या पडद्यावर. पेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने शंभरहून अधिक मिलिव्होल्ट ऋण असते. पेशीभित्तीच्या आंबट पाण्यातले ऑक्झिन विद्युतभाररहित असताना आत शिरते, आत गेल्यावर ऋणभारित होऊन अडकते. मग बाहेर पडायला त्याला प्रथिनांचे दरवाजेच लागतात. हे दरवाजे मुख्यतः पेशीच्या एकाच बाजूला असल्याने ऑक्झिनला दिशा मिळते, आणि पडद्यावरचा दाब त्याला बाहेर ढकलतो.

हे पाहायला बोस नव्हते. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी, एकोणऐंशी पूर्ण व्हायला आठवडा उरला असताना, गिरिडीह इथे त्यांचे निधन झाले. २०१३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवले, की एका पानाला जखम झाली की विजेची लहर दुसऱ्या पानापर्यंत जाते आणि तिथे जॅस्मोनेट हे बचावाचे संप्रेरक तयार होऊ लागते. ही लहर पुढे नेणारी प्रथिने प्राण्यांच्या मेंदूतल्या ग्लुटामेट ग्राहकांच्याच कुळातली निघाली.