बायोस कुणी आणलं? गोष्ट गॅरी किल्डॉल यांची

लॅपटॉप कोणत्याही कंपनीचा घ्या, त्यावर तेच सॉफ्टवेअर चालतं. यात आपल्याला काही विशेष वाटत नाही. पण सत्तरच्या दशकात असं नव्हतं. प्रत्येक कंपनीचं मशीन वेगळं, त्यामुळे प्रोग्रामही पुन्हा लिहावा लागायचा.

ही कटकट कमी केली गॅरी किल्डॉल यांनी.

जन्म १९४२ चा, अमेरिकेतल्या सिएटलचा. घरची शाळा होती, जहाजं कशी चालवायची हे शिकवणारी. १९७२ मध्ये त्यांनी पीएचडी केली. कॅलिफोर्नियात नौदलाच्या कॉलेजात शिकवताना त्यांना इंटेलच्या चिपचं वेड लागलं. त्यातूनच १९७४ मध्ये सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टिम तयार झाली. पुढे पत्नी डोरोथी यांच्यासोबत त्यांनी डिजिटल रिसर्च कंपनी काढली.

आता त्यांची आयडिया समजून घ्या.

प्रोसेसरमध्ये रजिस्टर नावाचे छोटे कप्पे असतात. स्क्रीनवर अक्षर दाखवायचं, तर प्रोग्रामने ‘सी’ कप्प्यात २ हा आकडा आणि ‘ई’ कप्प्यात ते अक्षर ठेवायचं, मग सिस्टिमला हाक मारायची. पुढचं सिस्टिम बघून घेणार. मशीननुसार बदलणारा भाग किल्डॉल यांनी वेगळा काढला. तेच बायोस. नवं मशीन आलं की फक्त बायोस बदलायचं, प्रोग्राम तसाच.

१९८० मध्ये आयबीएम त्यांच्या दारात आली. पण गोपनीयतेच्या करारावरून घोडं अडलं आणि बोलणी फिसकटली. किल्डॉल विमान उडवत बसले म्हणून संधी गेली, असं आजही सांगितलं जातं. खरंतर ते त्या दिवशी विमानाने कामासाठीच गेले होते.

मग मायक्रोसॉफ्टने सिएटलच्या एका कंपनीकडून दुसरी सिस्टिम विकत घेतली. ती सीपी/एमच्याच धर्तीवर बनवलेली होती, कामांचे बरेचसे नंबरही तेच! किल्डॉल यांनी आक्षेप घेतल्यावर आयबीएमने सीपी/एमसुद्धा विकायला ठेवली. पण किंमत २४० डॉलर, आणि मायक्रोसॉफ्टवाली फक्त ४० डॉलरला. लोकांनी काय घेतलं असेल, हे वेगळं सांगायला नको.

१९९१ मध्ये डिजिटल रिसर्च नॉव्हेल कंपनीने घेतली. १९९४ मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी किल्डॉल गेले.

बाजार मायक्रोसॉफ्टने मारला. पण रजिस्टरमध्ये नंबर ठेवून सिस्टिमला हाक मारायची पद्धत आजच्या कम्प्युटरमध्येही सुरूच आहे.