थॉमस कँडी : एक शब्द, अनेक अर्थ

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत ‘स्टील’ म्हणजे बांधकामाची सळई. तेथील कामगाराच्या स्वयंपाकघरात मात्र ‘स्टील’ म्हणजे ताटे-वाट्या. ‘चार्ज’ हा शब्द तर पदाचा कार्यभार, सेवेचे शुल्क आणि न्यायालयातील आरोप असे तिन्ही अर्थ वाहतो. संदर्भ कळला की आपली अडचण होत नाही. कोशकाराला मात्र प्रत्येक अर्थ वेगळा काढून त्याला स्वतंत्र प्रतिशब्द द्यावा लागतो. मराठीत हे काम ज्यांनी तडीस नेले, त्या थॉमस कँडी यांचा परिचय आपण येथे करून घेऊ.

कँडी यांचा जन्म १८०४ साली इंग्लंडमध्ये झाला. लष्करी सेवेनिमित्त ते हिंदुस्थानात आले व मराठी शिकले. मोल्सवर्थ यांच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशाला त्यांनी व त्यांचे जुळे बंधू जॉर्ज यांनी साहाय्य केले. पुढे इंग्रजी-मराठी कोशाचे काम सुरू झाले. परंतु प्रकृती ढासळल्याने मोल्सवर्थ १८३६ मध्ये मायदेशी परतले. उरलेले काम कँडी यांनी अंगावर घेतले आणि १८४७ मध्ये कोश प्रसिद्ध झाला.

पुण्यात त्यांनी संस्कृत पाठशाळेची देखरेख केली, नंतर पूना कॉलेजचे प्राचार्यपद सांभाळले. ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक लिहून त्यांनी मराठीत विरामचिन्हे रूढ केली. सरकारचे मराठी भाषांतरकार या नात्याने शालेय पुस्तके त्यांच्या नजरेखालून जात. येथेच वादाला तोंड फुटले. परकीय माणसाने मराठीचे शुद्धाशुद्ध ठरवावे काय, इंग्रजी वाक्यरचनेचा साचा मराठीवर बसतो आहे काय, हे प्रश्न तेव्हा विचारले गेले. ते रास्त होते. पण कँडींची चिकाटीही नाकारता येत नाही. १८७७ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्या काळी जालना निजामाच्या राज्यात असल्याने कँडींच्या खात्याचा अंमल येथे नव्हता. तरीही आज तुम्ही लिहिता त्या प्रत्येक स्वल्पविरामात त्यांच्या श्रमांचा वाटा आहे.

स्वयंअध्ययन : ‘लाईन’, ‘केस’ व ‘पोस्ट’ हे शब्द तुमच्या परिसरात कोणकोणत्या अर्थांनी वापरले जातात, ते नोंदवा. प्रत्येक अर्थासाठी स्वतंत्र मराठी प्रतिशब्द सुचवा. जेथे तो सुचणार नाही, तेथे कँडींची अडचण तुम्हाला उमगेल.