दाताची कबर आणि डोंगरात हरवलेली फौज

बीडच्या दक्षिणेला करजनी गावाजवळ एका दाताची कबर आहे. दात दिल्लीच्या सुलतानाचा, महंमद बिन तुघलकाचा. विक्षिप्तपणाचा नमुना म्हणून ही कबर दाखवली जाते. पण या सुलतानाला सर्वांत महाग पडले ते डोंगर, ऋतू आणि रोगराई यांविषयीचे अज्ञान.

वडील ग्यासुद्दीन मंडप कोसळून मरण पावल्यावर १३२५ मध्ये तो गादीवर आला. तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान, वैद्यक यांत त्याची गती मोठी होती. १३२७ च्या सुमारास त्याने देवगिरीला दौलताबाद करून राजधानी केले. तांब्याच्या नाण्यांचा प्रयोग पुढे फसला.

१३३० च्या दशकात त्याने हिमालयातील कराचिलवर फौज धाडली. हा मुलुख बहुधा कुमाऊँ-गढवालकडचा. इब्न बतूताने एक लाख स्वारांचा आकडा दिला आहे. तो फुगवलेला असावा. वाट इतकी अरुंद की एका वेळी एकच घोडेस्वार जाई. तरीही वरचे ठाणे हाती आले, आणि विजयानेच घात केला. पावसाळा लागला, रोग पसरला, घोडी मेली. अमिरांनी पावसाळ्यापुरते पायथ्याशी उतरण्याची परवानगी मागितली, ती मिळालीही. मात्र उतरणीच्या घळी तोवर डोंगरी लोकांनी धरल्या होत्या. वरून प्रचंड वृक्ष कोसळू लागले आणि खाली अडकलेल्या सैन्याला बाजूला सरकायलाही जागा नव्हती. बतूताच्या मते तीन सरदार वाचले, बरनीच्या मते दहा स्वार.

आज हिमालयात जाणारा गिर्यारोहक उताराचा कोन, नवा बर्फ, वारा पाहतो आणि परतीची वेळ आधी ठरवतो. बालाघाटात चूक झाली तर माणूस बहुधा दुसऱ्या वाटेने उतरतो. तेथे दुसरी वाट नसते. सुलतानाने चढाईचा हिशेब केला, उतरण्याचा केला नाही. पुढे त्याने त्याच लोकांशी खंडणीवर तह केला. पायथ्याची शेती त्याच्या संमतीवाचून त्यांना कसता येत नव्हती. मोहिमेआधीही ही नाडी त्याच्याच हाती होती.

त्यानंतर मदुरेच्या बंडखोरावर निघालेली त्याची फौज वरंगळला साथीने खिळखिळी झाली. सुलतानही आजारी पडला. परतताना बीडला त्याचा दात पडला. तो त्याने समारंभपूर्वक पुरविला आणि वर कबर बांधविली. पैठणला त्याला जरा बरे वाटले. मार्च १३५१ मध्ये सिंधमधील ठठ्ठ्याजवळ, आणखी एका बंडखोराचा पाठलाग करताना, तो ज्वराने मरण पावला.