डॉ. कृष्णन आणि दिशा सांगणारा प्रकाश

सोलापुरी चादर उभ्या धाग्यांच्या दिशेने ओढली तर फारशी ताणत नाही. कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे, तिरकी ओढली की लगेच ताणते. कापड तेच, फक्त ओढण्याची दिशा बदलली. अनेक स्फटिकांचेही असेच असते. त्यांचा हा स्वभाव मोजण्यात डॉ. के. एस. कृष्णन यांनी आयुष्यातली ऐन उमेदीची वर्षे घातली.

तमिळनाडूतील वत्रप या गावी ४ डिसेंबर १८९८ रोजी जन्मलेले कृष्णन १९२३ मध्ये कलकत्त्याला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. द्रवांतून विखुरणाऱ्या प्रकाशात एक अगदी फिकी, वेगळ्या रंगाची छटा दिसे. द्रवात काही मळ असेल आणि तोच चमकत असेल, असा तेव्हाचा सोपा खुलासा होता. फेब्रुवारी १९२८ मध्ये कृष्णन यांनी शुद्ध केलेले द्रव एकामागून एक तपासले. ती छटा जवळपास सगळीकडे दिसली. शिवाय तो प्रकाश ध्रुवीकृत होता, म्हणजे त्याची कंपने मुख्यतः एकाच दिशेने होत होती. साध्या चमकेत असे सहसा आढळत नाही. मळाचा खुलासा टिकेना, आणि रामन परिणाम पुढे आला.

‘नेचर’मधील पहिल्या टिपणावर रामन आणि कृष्णन अशी दोघांची नावे होती. १९३० चे नोबेल मात्र एकट्या रामन यांना मिळाले. कल्पना आणि चिकाटी रामन यांची होती, यात शंका नाही; पण त्या आठवड्यांत अंधाऱ्या खोलीत डोळे ताणून बसणाऱ्या कृष्णन यांचे नाव मागे पडावे, हे खटकतेच.

१९२८ च्या अखेरीस ते ढाक्याला गेले आणि तिथे स्फटिकांकडे वळले. बारीक तंतूला स्फटिक टांगायचा, चुंबकीय क्षेत्रात ठेवायचा आणि तो किती वळतो ते पाहायचे. पुढे कलकत्त्यात त्यांनी ग्राफाइट घेतले, आपल्या पेन्सिलीतले शिसे असते तेच. त्यात कार्बनचे थर एकावर एक रचलेले असतात. थराच्या दिशेने वीज सहज वाहते. एका थरातून दुसऱ्यात जाताना तिला हजारो पट जास्त विरोध होतो. १९३९ मध्ये हे मोजमाप प्रसिद्ध झाले. पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे ते पहिले संचालक झाले. १९६१ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्याच ग्राफाइटचा एकच अणू जाडीचा थर, ग्राफीन, २००४ मध्ये सुटा करण्यात आला. त्यानंतर इतर स्फटिकांचेही पातळ पापुद्रे काढले गेले. काळ्या फॉस्फरसच्या पापुद्र्यात तर थराच्या आतही दोन दिशा सारख्या नसतात. एका दिशेने वीज सहज वाहते, दुसरीकडे अडते. उपकरण बनवण्याआधी ती दिशा कळावी लागते. त्यासाठी पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात, ध्रुवीकृत लेसर सोडतात आणि पापुद्रा हळूहळू फिरवतात. रामन वर्णपटातल्या रेषा उजळतात, मंदावतात, पुन्हा उजळतात आणि पापुद्र्याला हात न लावता दिशा समजते.