डॉ. जॉन विल्सन व मार्गारेटबाई

मुंबईस चौपाटीवरून जाताना समुद्राकडे तोंड करून उभी असलेली विल्सन कॉलेजची इमारत आमच्या पुष्कळ वाचकांनी पाहिली असेल. ही इमारत सन १८८९ ची. ज्या थोर पुरुषाचे नाव तीस दिले आहे, तो ती उभी राहण्यापूर्वीच प्रभूच्या घरी गेला होता. त्याचे व त्याच्या सहधर्मचारिणीचे अल्प चरित्र आम्ही येथे देत आहो.

जॉन विल्सन यांचा जन्म स्कॉटलंडातील लॉडर या लहानशा गावी ११ डिसेंबर १८०४ रोजी झाला. एडिंबरो येथे त्यांचे शिक्षण झाले. हिंदुस्थानात जाऊन सेवा करावी हा निश्चय त्यांनी विद्यार्थिदशेतच केला होता. सन १८२८ मध्ये ग्रीनॉक येथील पाळक केनेथ बेन यांची कन्या मार्गारेट हिच्याशी त्यांचा विवाह झाला. बाई त्यांच्याहून नऊ वर्षांनी वडील असून मोठ्या व्यासंगी होत्या. विवाहानंतर थोड्याच दिवसांत उभयतांनी मायदेशाचा निरोप घेतला. त्या वेळी सुवेझचा कालवा नव्हता. आफ्रिकेस वळसा घालून शिडाच्या जहाजाने येण्यास महिनेच्या महिने लागत. फेब्रुवारी १८२९ मध्ये ते मुंबईस उतरले.

आल्याबरोबर उपदेशास आरंभ न करता ते कोकणात हर्णै व बाणकोट येथे जाऊन मराठी शिकू लागले. ज्या लोकांची सेवा करावयाची त्यांची भाषा आधी आपल्या जिभेवर आली पाहिजे, असे त्यांस वाटे. पुढे विल्सनसाहेबांनी संस्कृत, गुजराथी, हिंदुस्थानी, फारसी इत्यादी भाषांचाही अभ्यास केला.

मिशनरी म्हटला म्हणजे तो सदा उपदेशच करीत असावा अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः त्याच्या दिवसाचा मोठा भाग मेजापाशी जातो. मायदेशातील मंडळीस अहवाल पाठवावयाचे, शिक्षकांचे पगार भागवावयाचे, हजेरीपट तपासावयाचे, छापखान्यातून आलेली मुद्रिते वाचावयाची, आणि दाराशी आलेल्या प्रत्येकास उत्तर द्यावयाचे. सन १८३० मध्ये विल्सनसाहेबांनी ओरिएंटल ख्रिश्चन स्पेक्टेटर नावाचे मासिक सुरू केले. त्याचेही काम या मेजावर येऊन पडले.

या कामाचा मोठा वाटा मार्गारेटबाईंनी उचलला. मासिकासाठी त्या लेख लिहीत, आणि पती दौऱ्यावर गेले म्हणजे मुंबईतील शाळांची देखरेख व पत्रव्यवहार त्यांजकडे असे. हे सर्व सांभाळून त्यांनी मुलींच्या शिक्षणाचे कार्य हाती घेतले. मुंबईत मुलींची शाळा अमेरिकन मिशनने सन १८२४ मध्येच काढली होती. तरी मुलीस अक्षरओळख करून देणे हे त्या काळी बहुतेक घरांत अशुभ मानीत. अशा स्थितीत बाईंनी थोड्याच महिन्यांत मुलींच्या सहा शाळा उघडल्या. सन १८३२ मध्ये त्यांनी काढलेली शाळा पुढे सेंट कोलंबा हायस्कूल या नावाने नावारूपास आली. त्याच वर्षी विल्सनसाहेबांनी मुलांसाठी इंग्रजी शाळा काढली. तिचाच विस्तार होऊन आजचे विल्सन कॉलेज झाले.

थंडीच्या दिवसांत विल्सनसाहेब दौऱ्यावर निघत. आगगाडी तर सन १८५३ पर्यंत नव्हतीच. घोडा, बैलगाडी, होडी किंवा आपले पाय, हीच वाहने. गावोगाव उपदेश करीत असता वाटेवरील प्राचीन लेणी, देवळे व शिलालेख ते बारकाईने पाहत आणि पाहिलेले पत्रांतून पत्नीस कळवीत. मार्च १८३५ मध्ये ते काठेवाडात गिरनार पर्वतापाशी गेले. तेथील मोठ्या खडकावर कोरलेली अक्षरे तेव्हा कोणासही वाचता येत नव्हती. त्यांचे महत्त्व जाणून त्यांनी पुढे कॅप्टन लँग यांजकडून त्या लेखाचे ठसे घेवविले व कलकत्त्यास जेम्स प्रिन्सेप यांजकडे पाठविले. प्रिन्सेप यांनी ती लिपी उलगडली, आणि सम्राट अशोकाच्या आज्ञा दोन हजारांहून अधिक वर्षांनी पुन्हा लोकांस कळल्या.

परंतु त्याच वर्षी विल्सनसाहेबांवर दुःखाचा डोंगर कोसळला. १९ एप्रिल १८३५ रोजी मार्गारेटबाईंस देवाज्ञा झाली. या देशात त्यांस पुरती सात वर्षेही मिळाली नाहीत. त्यांचे काम मात्र थांबले नाही. पुढे त्यांच्या दोन भगिनी स्कॉटलंडाहून आल्या व त्यांनी मुलींच्या शाळा चालविल्या. विल्सनसाहेबांनी सन १८३८ मध्ये पत्नीचे चरित्र प्रसिद्ध केले.

सन १८३९ मध्ये धनजीभाई नवरोजी व होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा मुंबईत मोठी खळबळ उडाली. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, आणि शाळेतील बहुसंख्य मुले पालकांनी काढून घेतली. पालकांचे दुःख खरे होते, आणि त्या तरुणांची श्रद्धाही खरी होती. विल्सनसाहेबांनी उरलेल्या मुलांस घेऊन शाळा चालू ठेविली. हळूहळू वर्ग पुन्हा भरले.

प्रकृती ढासळल्यामुळे सन १८४३ मध्ये त्यांनी रजा घेतली. विश्रांतीसाठी घेतलेली ही रजाही त्यांनी वाया घालविली नाही. धनजीभाईंस बरोबर घेऊन मिसर, सिनाय व पॅलेस्टाईन या मार्गाने ते स्कॉटलंडास गेले. पवित्र शास्त्रातील स्थळे डोळ्यांनी पाहून त्यांनी त्यांवर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. तो सन १८४७ मध्ये प्रसिद्ध झाला. सन १८४६ मध्ये त्यांनी इझाबेला डेनिस्टून यांच्याशी दुसरा विवाह केला. याही बाईंनी मुलींच्या शाळांस सन १८६७ मधील आपल्या मृत्यूपर्यंत वाहून घेतले.

सन १८४८ मध्ये पश्चिम हिंदुस्थानातील लेण्यांची पाहणी करण्यासाठी एक कमिशन नेमण्यात आले. त्याचे अध्यक्षपद विल्सनसाहेबांकडे आले. घारापुरी, कार्ले, वेरूळ आदी लेण्यांविषयी त्यांनी लिहिलेला निबंध सन १८५० मध्ये छापला गेला. ही लेणी दुसऱ्या धर्मांची; तरी ती जतन व्हावीत म्हणून हा ख्रिस्ती उपदेशक झटला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. सन १८६८ मध्ये मुंबई विश्वविद्यालयाचे कुलगुरुपद त्यांस मिळाले. १ डिसेंबर १८७५ रोजी, सेहेचाळीस वर्षांच्या सेवेनंतर, मुंबईतच त्यांनी देह ठेविला.

विद्यार्थिमित्रहो, सुटीत आगगाडीने दूर जाऊन नवलाईची स्थळे पाहण्याची हौस तुम्हांस असते, व ती असावीही. परंतु आपल्या सोलापुरातील भुईकोट किल्ल्याच्या तटावर लक्ष देऊन दृष्टी टाकणारे तुमच्यांत किती आहेत? पुढच्या सुटीत एक वही घेऊन तेथे जा. जे दिसेल ते नीट लिहा, आणि घरी आल्यावर आईस वाचून दाखवा. आणि पालकांस आमची नम्र विनंती अशी की, घरात मुलगा व मुलगी दोघेही असतील तर ती वही दोघांच्याही हाती द्यावी. मार्गारेटबाईंनी आपले अल्प आयुष्य याच गोष्टीसाठी वेचिले.