दोन्ही बाजूंचा खेळाडू : कर्नल सी. के. नायडू

काठीसारख्या सातपुड्यातील गावी दुपार कलल्यावर मुले मोकळ्या शेतात खेळावयास जमली म्हणजे एक गोष्ट हमखास दिसते. फळी हाती धरावयास सर्वच पुढे धावतात. चेंडू टाकावयास निम्मे तयार होतात. आणि उतारावरून गडगडत गेलेला चेंडू आणण्याची वेळ आली की प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहू लागतो! टोला मारण्यात मौज आहे, पण टोला अडविणे हे कष्टाचे काम आहे. तथापि खेळ म्हणावयाचा तो या दोहोंचा मिळूनच होतो. चढाई आणि बचाव ही दोन्ही कामे ज्याने सारख्याच निष्ठेने आयुष्यभर केली, अशा एका थोर खेळाडूचे चरित्र आज आमच्या बालवाचकांपुढे ठेवावयाचे योजिले आहे.

प्रथम थोडे दूरदेशी जाऊ. अमेरिकेत फुटबॉल या नावाने जो खेळ खेळतात तो आपल्या फुटबॉलाहून निराळा. त्यात चेंडू लांबट असून तो हातात घेऊन धावता येते. आज तेथे चढाई करणारे अकरा वेगळे आणि बचाव करणारे अकरा वेगळे असतात. चेंडू एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेला की सारा ताफाच बदलतो. पूर्वी असे नव्हते. बाहेर गेलेल्या खेळाडूस लगेच परत येण्याची मोकळीक नियमाने नव्हती. म्हणून जे अकरा जण चढाई करीत तेच बचावासही उभे राहत. दुसऱ्या महायुद्धात तरुण मंडळी सैन्यात गेल्याने खेळाडूंची वाण पडली, नियम सैल झाले, आणि 1950 पासून तेथील धंदेवाईक संघांत ही वाटणी कायमची झाली. जुन्या पद्धतीच्या खेळाडूंत जिम थॉर्प याचे नाव फार मोठे. तो अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी, साक व फॉक्स जमातीचा. चढाई, बचाव आणि चेंडू लाथाडणे, तिन्हींत तो निष्णात होता. 1912 साली स्टॉकहोम येथील ऑलिंपिकमध्ये त्याने दोन सुवर्णपदके मिळविली. पुढल्याच वर्षी ती एका नियमावर बोट ठेवून काढून घेण्यात आली. त्या दोन्ही शर्यतींचा एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव पुन्हा नोंदले गेले ते 2022 साली, त्याच्या मृत्यूनंतर 69 वर्षांनी.

आपल्या देशात या तोलाचा पुरुष शोधू गेल्यास क्रिकेटकडे वळावे लागते, आणि तेथे कोट्टारी कनकय्या नायडू यांचे नाव प्रथम डोळ्यांपुढे येते. लोक त्यांना सी. के. या दोन अक्षरांनीच ओळखीत.

नायडू यांचा जन्म 31 ऑक्टोबर 1895 रोजी नागपूर येथे झाला. घराणे तेलुगू भाषिक, परंतु नागपुरात स्थायिक झालेले. त्यांचे शिक्षण स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याच्या नावाने चालणाऱ्या शाळेत झाले, हे आपल्यासारख्या मिशन शाळेतील विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. हिस्लॉप स्वतः धर्मोपदेशक असून भूगर्भशास्त्राचेही जाणते होते. शाळेच्या व पुढे कॉलेजच्या संघाचे नायकत्व नायडूंकडे आले. उंच, ताठ बांधा आणि करारी मुद्रा यांमुळे ते मैदानावर उतरताच पाहणाऱ्याची दृष्टी त्यांच्यावर खिळे.

त्या काळी मुंबईत दरसाल चौरंगी सामने होत. युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुसलमान असे चार संघ त्यांत उतरत. खेळातही माणसे जातिधर्माप्रमाणे वाटलेली होती, हे आज चमत्कारिक वाटेल. परंतु हजारो लोक ते सामने पाहावयास लोटत. 1916 साली नायडू हिंदू संघातून युरोपियनांविरुद्ध प्रथम खेळले. सात गडी अवघ्या 79 धावांत परतले होते, तेव्हा त्यांची पाळी आली. पहिले तीन चेंडू त्यांनी शांतपणे अडविले. चौथा चेंडू मात्र सीमेपार भिरकावून दिला! आधी बचाव आणि मग चढाई, असा त्यांच्या साऱ्या कारकिर्दीचा नमुना त्या चार चेंडूंत दिसून आला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

1923 साली इंदूरच्या होळकर महाराजांनी त्यांस आपल्या पदरी बोलावून सैन्यात अधिकार दिला. पुढे त्यांच्या नावामागे जी कर्नल ही पदवी लागली ती याच सेवेतील. इंदूर हीच त्यांची कर्मभूमी झाली.

1926 चा डिसेंबर महिना हिंदी क्रिकेटच्या इतिहासात मोलाचा आहे. आर्थर गिलिगन यांच्या नायकत्वाखाली एम. सी. सी. चा इंग्लिश संघ आला होता. मुंबईच्या जिमखाना मैदानावर हिंदू संघाकडून खेळताना नायडूंनी दोन तासांच्या आत 153 धावा काढल्या; त्यांत 11 षटकार होते. चेंडू प्रेक्षकांच्या तंबूंत जाऊन पडत होते. हिंदी खेळाडू इंग्रजांच्या बरोबरीने खेळू शकतील ही खात्री त्या डावाने पुष्कळांस पटली. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1928 च्या डिसेंबरात, हिंदुस्थानचे क्रिकेट मंडळ स्थापन झाले आणि कसोटी सामन्यांचा मार्ग खुला झाला.

1932 साली हिंदी संघ इंग्लंडला गेला तेव्हा त्याचे नायकत्व पोरबंदरच्या महाराजांकडे होते व उपनायक लिंबडीचे राजपुत्र होते. संघाचा पुढारी संस्थानिकच असावा, अशी तेव्हाची समजूत! परंतु महाराज समंजस होते. आपला खेळ या कामास पुरेसा नाही हे जाणून ते बाजूला झाले. राजपुत्रांस दुखापत झाली. आणि 25 जून 1932 रोजी लॉर्ड्सच्या मैदानावर हिंदुस्थानच्या पहिल्या कसोटी संघाचे नेतृत्व नायडूंनी केले.

त्या सामन्यात त्यांनी काय काय केले हे पाहिले म्हणजे दोन्ही बाजूंचा खेळाडू कशास म्हणतात ते उमगते. पहिल्या डावात त्यांनी गोलंदाजी करून इंग्लंडचे 2 गडी बाद केले. क्षेत्ररक्षण करताना त्यांच्या हाताला जबर मार बसला. तोच दुखरा हात घेऊन ते फलंदाजीस उतरले आणि 40 धावा काढल्या. हिंदी संघाच्या 189 धावांच्या डावात त्याहून अधिक कोणाच्याच झाल्या नाहीत. सामना इंग्लंडने 158 धावांनी जिंकला खरा. पण हातास पट्टी बांधून मंडपात बसून राहण्याचे सबळ निमित्त असताना नायक तसा बसला नाही, ही गोष्ट पराभवाहून मोठी ठरली.

त्या दौऱ्यात प्रथम श्रेणीचे 26 सामने झाले व नायडू एकूण एक सामन्यांत खेळले. त्यांनी 1,618 धावा केल्या आणि 65 बळीही घेतले. बर्मिंगहॅमच्या मैदानाशेजारून री नावाची लहानशी नदी वाहते. ती तेव्हा दोन परगण्यांची सीमा समजली जाई. नायडूंचा एक टोला ती नदी ओलांडून दुसऱ्या परगण्यात जाऊन पडला, अशी आख्यायिका क्रिकेटप्रेमी अजून हौसेने सांगतात. विस्डेन हा क्रिकेटचा प्रसिद्ध वार्षिक ग्रंथ दरसाल पाच खेळाडूंचा गौरव करतो; 1933 च्या ग्रंथात त्यांत नायडूंचे नाव झळकले.

1933 च्या डिसेंबरात हिंदुस्थानच्या भूमीवरील पहिला कसोटी सामना मुंबईस झाला, तेव्हाही नायक तेच होते. मात्र 1936 च्या इंग्लंड दौऱ्यात नेतृत्व विजयानगरमच्या महाराजकुमारांकडे गेले. त्यांचा खेळ सामान्य होता, आणि तो दौरा हेव्यादाव्यांनी गाजला. एकदा नायक झालेल्या पुरुषास साधा सैनिक होणे किती जड जात असेल याची कल्पना करावी! नायडू तिन्ही कसोट्या खेळले. ओव्हल येथील शेवटच्या कसोटीत वेगवान चेंडूचा मार अंगावर घेऊनही ते हटले नाहीत. 81 धावा काढूनच परतले. तोच त्यांचा अखेरचा कसोटी डाव होय.

कित्येकांची कारकीर्द येथे संपते. नायडूंची संपली नाही. इंदूरच्या होळकर संघात मुश्ताक अली, सरवटे, निंबाळकर, जगदाळे अशी नामवंत मंडळी जमली आणि या संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला. 1945-46 मध्ये म्हैसूरविरुद्ध होळकर संघाने 8 गडी बाद 912 धावा करून डाव सोडला. त्या एकाच डावात सहा जणांनी शतके काढली, आणि त्या सहांत पन्नाशीला पोचलेले नायडूही होते! त्याच वर्षीच्या अंतिम सामन्यात त्यांनी बडोद्याविरुद्ध द्विशतक केले. पुढे 1951-52 च्या अंतिम सामन्यात मुंबईच्या दत्तू फडकरांचा उसळता चेंडू तोंडावर बसून त्यांचे दात पडले. तेव्हा त्यांनी पडलेले दात बाजूस सारले, उपचार नाकारले आणि पुन्हा पवित्रा घेतला, असे सांगतात.

त्यांचे दोष झाकून ठेवणे चरित्रलेखकास शोभणार नाही. शिस्तीच्या बाबतीत ते अतिशय कडक होते. हलगर्जीपणा त्यांस खपत नसे व शब्दही सौम्य नसत. त्यामुळे काही सहकारी दुखावले जात. परंतु जी शिस्त ते इतरांस लावीत तीच प्रथम स्वतःस लावीत, हे त्यांच्या टीकाकारांसही मान्य करावे लागे.

वर्तमानपत्रांतील जाहिरातींत खेळाडूचे नाव झळकण्याची रीतही आपल्याकडे त्यांच्यापासून पडली म्हणतात. 1941 च्या सुमारास एका यकृताच्या औषधाच्या जाहिरातीत ते दिसले. भारत सरकारने 1956 साली त्यांस पद्मभूषण देऊन गौरविले. 1956-57 च्या हंगामात, साठी उलटल्यावर, ते रणजी करंडकात शेवटचे खेळले व अखेरच्या डावातही 52 धावा काढून गेले. प्रथम श्रेणीच्या 207 सामन्यांत मिळून 11,825 धावा आणि 411 बळी, असा त्यांचा हिशेब आहे. तागडीची दोन्ही पारडी भरलेली दिसतात, ती अशी. 14 नोव्हेंबर 1967 रोजी इंदूर येथे त्यांनी देह ठेवला. आपण बालदिन साजरा करतो तीच ही तिथी.

बालमित्रहो, काठीची राजवाडी होळी तुम्ही पाहिली आहे. रात्रभर ढोल दुमदुमतो, नाच रंगतो आणि दूरदूरची माणसे ते पाहावयास येतात. परंतु तो उंच बांबू रानातून वाहून आणणारे आणि हातांनी उभा करणारे खांदे नसतील, तर नाचावयाचे कोणाभोवती? घरातही तसेच आहे. जेवावयास पहिला आणि पाण्याची घागर आणावयास शेवटचा, असा मुलगा आईबापांस भूषण होत नाही. आणि मुलीने घागर आणावी व मुलाने फळी घ्यावी, ही वाटणीही न्यायाची नव्हे. पालकांनीही एवढे पाहावे की, मुलाने किती धावा काढल्या हे विचारताना किती अडविल्या हेही विचारावे.

सर्वांनाच नायडूंइतके षटकार मारता येणार नाहीत. परंतु उतारावरून गडगडत गेलेल्या चेंडूमागे न सांगता धावणे कोणासही साधेल. उद्या सायंकाळी खेळ मांडाल, तेव्हा पाहू या, प्रथम कोण धावतो ते!