सतराव्या वर्षी कंपनीचा मालक

जुन्या संगीत नाटकांविषयी वाचताना मला दर वेळी एकच प्रश्न छळतो. ज्या कोवळ्या मुलाच्या गळ्यावर कंपनी चालायची, त्या मुलाच्या हातात शेवटी काय पडायचे? आयुष्य बँकेच्या खातेवह्यांत गेले, त्याचा हा परिणाम असेल. एखादे नाट्यपद रंगात आले की लोक डोळे मिटतात, मला मात्र जमा-खर्चाची बाजू आठवते. संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे चरित्रही मी असेच वाचत आलो आहे.

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० चा, कोल्हापूरचा. घरची गरिबी. शाळेची पायरी चढण्याच्या वयात पोराला ‘स्वदेशहितचिंतक नाटक मंडळी’त घातले. आज ऐकताना अंगावर काटा येतो, पण त्या काळी गरिबाघरच्या गोड गळ्याच्या पोराला कंपनी म्हणजे दोन वेळच्या जेवणाची सोय होती. पहाटे उठून मेहनत, दुपारी तालीम, रात्री खेळ, आणि गाव बदलले की बैलगाडीत नाही तर आगगाडीत झोप. मोठे नट, तबलजी, सारंगिये, गाण्याचे मास्तर यांच्या पायाशी बसून ही मुले शिकत. शिक्षण अस्सल होते, यात शंका नाही. चुकले तर पाठीत धपाटाही अस्सलच मिळे. मुलांना स्त्रीभूमिका मिळत, आणि मिसरूड फुटू लागले, आवाज फुटला की बहुतेकांचे दिवस संपत. मग त्यांची नावे कुणाच्या लक्षात राहणार?

केशवरावांचे नाव राहिले ते ‘शारदा’मुळे. देवलांचे हे नाटक १८९९ मध्ये रंगभूमीवर आले. पैशाच्या लोभाने बाप आपल्या लहान मुलीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधू पाहतो, त्याची ही कथा. केशवराव शारदा झाले तेव्हा ते स्वतः शारदेच्याच वयाचे होते. मोठ्यांच्या व्यवहारात मान खाली घालून उभी असलेली ती पोर रंगवताना या मुलाला अभिनय करावा लागत होता की नाही, असे माझ्या मनात येते. हा कादंबरीकाराचा खोडसाळपणा समजा आणि सोडून द्या. पण प्रेक्षक त्या शारदेने वेडे झाले, एवढे खरे.

आमच्या वडप्याला आता महामार्गाच्या दोन्ही अंगांना गोदामेच गोदामे झाली आहेत. तरी गणपतीत मंडप पडतो आणि बाहेरून वाद्यवृंद येतो. मागे एकदा चौथीतली एक मुलगी त्या सराईत वादकांबरोबर लावणीवर अशी नाचली, की ढोलकीवाल्यानेच तिच्या पायांकडे बघून ठेका वाढवला. दोघांनीही एकमेकांकडे पाहून हसून घेतले. कार्यक्रम संपल्यावर वादकांना पाकिटे मिळाली, मुलीला प्लॅस्टिकची ढाल. तिच्या आईला त्यात काही वावगे वाटले नाही, आणि मंडळालाही नाही. मला तेव्हाही केशवरावच आठवले.

कारण या मुलाने वेगळी वाट धरली. १ जानेवारी १९०८ रोजी हुबळीला त्यांनी ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची नाटक मंडळी काढली. वय सतरा. सतरा वर्षांच्या मुलाला आमच्या बँकेने कर्जाचा कोरा अर्जसुद्धा दिला नसता! कंपनी म्हणजे नटांचे पगार, पडदे, कपडेपट, बिऱ्हाडाचे भाडे आणि पन्नासेक माणसांची पंगत. हा संसार त्यांनी वर्षानुवर्षे गळ्याच्या आणि हिमतीच्या जोरावर ओढला.

गळाही असा, की उंच पट्टीत चढून तडफेने ताना घेऊ लागला की शेवटच्या रांगेला पोचायचा. पण नुसत्या देणगीवर ते विसंबले नाहीत. मालक झाल्यावरही शिष्य होण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. रामकृष्णबुवा वझे यांच्यासारख्या खानदानी गवयाची तालीम त्यांनी घेतली. बुवांकडे रागांचे आणि बंदिशींचे भांडार, यांच्याकडे हजारो माणसांना धरून ठेवणारा गळा. दोघांच्या मिलाफाने नाट्यपदाला बैठकीचे वजन आले. पुढे केशवरावांनी लुगडे उतरवून पुरुषभूमिका घेतल्या आणि त्याही गाजवल्या. टपाल खात्यात नोकरी केलेल्या मामा वरेरकरांची हुंड्यावरची ‘हाच मुलाचा बाप’ (१९१६) आणि मग ‘संन्याशाचा संसार’ (१९१९) ही नाटके त्यांनीच रंगभूमीवर आणली. पुराणातल्या राजाराण्यांत रमलेल्या प्रेक्षकाला भोवतालचे प्रश्न दाखवायचे, हा धंद्याच्या दृष्टीने जुगारच होता.

बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले ते १९०५ मध्ये, तेही सतराव्याच वर्षी. एक त्या वयात कंपनीत शिरला, दुसऱ्याने त्या वयात कंपनी काढली. हे दोघे ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’मध्ये एकत्र उभे राहिले. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. दोन्ही मालक एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी, दोघांचे चाहते हातघाईवर येणारे. त्या रात्री पदाला पद भिडले, आणि म्हाताऱ्या रसिकांनी पुढे नातवंडांना सांगत राहावे असा खेळ झाला.

त्यानंतर तीन महिनेही उलटले नाहीत, तोच ४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवराव विषमज्वराने गेले. वय अवघे एकतीस. मालक गेला की कंपनी मोडते, हा त्या काळचा शिरस्ता. ‘ललितकलादर्श’ मोडली नाही. बापूराव पेंढारकरांनी ती सांभाळली, त्यांच्यानंतर चिरंजीव भालचंद्र पेंढारकरांनी तिला थेट एकविसाव्या शतकात आणून सोडले. चार पोरे जमवून उघडलेल्या खात्यात इतकी शिल्लक राहिलेली मी तरी दुसरीकडे पाहिलेली नाही.

कोल्हापूरला शाहू महाराजांनी बांधलेले पॅलेस थिएटर पुढे केशवरावांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत जळाले. दुसरा दिवस केशवरावांच्या जयंतीचा होता.